आफ्रिकेतून येणारं आभाराचं पत्र

केनियातल्या एखाद्या खेड्यातली दहा वर्षांची मुलगी परदेशातल्या एका बाईंना पत्र लिहिते. या बाई दरमहा काही रक्कम पाठवतात आणि त्यातून मुलीच्या शाळेचा खर्च भागतो. दोघींची कधी गाठ पडलेली नसते, पडण्याची शक्यताही कमीच. पत्रात साधारण एवढंच असतं: मी बरी आहे, घरचे बरे आहेत, पाऊस चांगला झाला, मी पुढच्या वर्गात गेले, तुमची आभारी आहे, देव तुमचं भलं करो. खाली गाईचं, कोंबडीचं किंवा पत्र्याच्या घराचं चित्र. असं पत्र हातात पडलं की काहींना भरून येतं. काहींना मात्र वाटतं, हे सगळं पढवून लिहून घेतलेलं आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. ते पत्र तयार कसं होतं हे एकदा समजून घेतलं, तर त्याच कागदातून बरंच जास्त वाचता येतं.

आपल्याकडे अनेक शाळा आणि संस्था दत्तक पालक योजना चालवतात. मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणाचा खर्च कुणीतरी उचलतो आणि निकालाच्या वेळी त्याला मुलाची खबरबात कळवली जाते. प्लॅन इंटरनॅशनल, वर्ल्ड व्हिजन, कम्पॅशन इंटरनॅशनल, ॲक्शनएड या आंतरराष्ट्रीय संस्थांनी हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर चालवली. देणगीदाराला एका मुलाचा फोटो आणि थोडी माहिती मिळते, तो दरमहा ठरावीक रक्कम देतो आणि वर्षातून एक-दोन किंवा अधिक वेळा मुलाचं पत्र येतं.

आता हे पत्र लिहिलं कसं जातं ते पाहू. मूल एकटं बसून, मनात आलं म्हणून लिहायला घेतं, असं सहसा होत नाही. संस्थेचं काम गावात एखादी शाळा, चर्च किंवा स्थानिक केंद्र पाहत असतं. तिथे पत्रांचा दिवस ठरवतात आणि नोंदणी झालेली सगळी मुलं एकत्र बसतात. प्रत्येकाला छापील कागद मिळतो. वर मुलाचा आणि देणगीदाराचा क्रमांक, मध्ये ओळी, खाली चित्रासाठी चौकट. लिहिता न येणाऱ्या लहानग्यांसाठी गाळलेल्या जागांचा कागद असतो: माझा आवडता खेळ, माझं आवडतं खाणं, घरी मी कोणतं काम करते. त्यांच्या वतीने आई, मावशी किंवा केंद्रातला कार्यकर्ता लिहितो. मोठ्या मुलांसाठी फळ्यावर नमुन्याची वाक्यं लिहिलेली असतात. पन्नास पत्रं एकाच वळणाची का वाटतात, याचं कारण हा फळा. आपल्या शाळेतलं ‘मामास पत्र’ आठवा, त्यातला ‘साष्टांग नमस्कार’ आपल्यापैकी कुणी स्वतः शोधून काढला होता?

मग भाषांतर. मुलीच्या घरी किकुयू, लुओ किंवा लुह्या बोलतात, शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी शिकवतात. तिला सुचेल त्या भाषेत ती लिहिते आणि भाषांतर करणारा ते देणगीदाराच्या भाषेत आणतो. त्याच्यासमोर ढीग असतो, म्हणून तो सोपी, ठरलेली वाक्यं वापरतो. मूळ लिखाणातला थोडा खट्याळपणा, गावची एखादी खोच इथे गळून पडते. त्याच दरम्यान पत्र तपासलं जातं. आडनाव, गावाचा पत्ता, फोन नंबर असेल तर खोडतात. मूल ओळखू येईल, त्याला परस्पर गाठता येईल असं काही बाहेर जाऊ नये, हा नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. पैसे किंवा वस्तू मागू नयेत, असंही मुलांना आधीच सांगितलेलं असतं. या तपासणीचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. मुलाने घरातली मारहाण, आजारपण किंवा शाळा सुटल्याचं लिहिलं असेल, तर ते आधी कार्यकर्त्याच्या नजरेस पडतं आणि त्याला त्याची दखल घ्यावी लागते.

पूर्वी गठ्ठे हवाई टपालाने जात. आता बहुतेक पत्रं राजधानीतल्या कचेरीत स्कॅन होतात. तरीही कागद गावातून निघून देणगीदाराच्या हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. ‘मी तिला इतके प्रश्न विचारले, तिने एकाचंही उत्तर दिलं नाही,’ अशी देणगीदारांची नेहमीची तक्रार असते. बहुतेक वेळा दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेली असतात. तिचं लिहून झालं तेव्हा तुमचं अजून पोहोचलेलंच नसतं.

म्हणून अशा पत्रात आभाराच्या ओळीवर फार थांबू नये. ती ओळ ठरलेली आहे. बाकीचं वाचावं. मूल सलग दोन वर्षं एकाच वर्गात असल्याचं सांगत असेल, तर ते मागे पडलं आहे किंवा शाळा मध्येच सुटली होती. आईचा उल्लेख थांबला आणि आजीचा सुरू झाला, तर घरात काहीतरी बदललं आहे. मका पिकला नाही असं लिहिलं असेल, तर पुढचे काही महिने त्या घरात जेवणाची ओढाताण आहे. या गोष्टी फळ्यावर लिहिलेल्या नसतात, त्या मुलाच्या स्वतःच्या असतात. संस्थेला प्रश्न विचारायचा तर याच गोष्टींवरून विचारावा.

एका देणगीदाराशी एक मूल जोडायचं, ही कल्पना आफ्रिकेत जन्मलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी पडलेल्या युरोपातल्या मुलांसाठी एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ सुरू केली. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ मध्ये, जॉन लँगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला सांतांदेर इथे होसे नावाचा मुलगा भेटला. त्याच्या बापाने जाण्याआधी त्याच्याजवळ चिठ्ठी ठेवली होती: शहर पडलं की मला गोळ्या घालतील, ज्याला हा सापडेल त्याने याला सांभाळावं. त्यातून जी संस्था उभी राहिली, तीच आजची प्लॅन. युद्धात आईबापांपासून तुटलेल्या मुलाला दूर का होईना, आपलं म्हणणारं कुणीतरी असावं, म्हणून पत्रांची प्रथा पडली. पुढे हीच रीत आशियात आणि आफ्रिकेत गेली. पण तिथल्या बहुसंख्य मुलांना आईबाप होते, नव्हती ती फी. पत्राच्या भाषेत जो अवघडलेपणा जाणवतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या घरात, आपल्या माणसांत राहणारं मूल एका अनोळखी व्यक्तीला जवळपास आई-बाबांच्या जागी मानून लिहीत असतं.

देणगीदाराचे पैसे नेमके कुठे जातात, हे कळल्याशिवाय आभार कशाचे आहेत हेही कळत नाही. याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. कम्पॅशनसारखी संस्था स्थानिक चर्चमार्फत नोंदणी झालेल्या त्या-त्या मुलावर खर्च करते: फी, गणवेश, आरोग्य तपासणी, शाळेनंतरचे वर्ग. प्लॅन आणि वर्ल्ड व्हिजन यांच्याकडे त्या भागातल्या सगळ्या देणग्या एकत्र होतात आणि त्यातून पाणी, वर्गखोल्या, लसीकरण, शिक्षकांचं प्रशिक्षण अशी सगळ्या गावाची कामं होतात. फोटोतलं मूल त्या गावाचा चेहरा असतं. संस्था हे आपल्या माहितीपत्रकात लिहितात, पण फोटो पाहून भारावलेला माणूस बारीक अक्षरांपर्यंत जात नाही. मग मुलगी नव्या नळाबद्दल आभार मानते, तेव्हा तो बुचकळ्यात पडतो: मी तर हिच्या वह्यापुस्तकांसाठी पैसे पाठवत होतो! मला ही दुसरी पद्धत जास्त न्याय्य वाटते. त्या नळाचं पाणी शेजारची, नोंदणी नसलेली मुलंही पितात. पत्र लिहिण्याचं काम मात्र नोंदणी झालेल्या मुलीच्याच वाट्याला येतं, हे खरं.

या योजनांवर टीकाही जोरदार झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या ब्रिटिश मासिकाने १९८२ मध्ये एक अख्खा अंक काढून, मुलांना असं दत्तक घेऊ नका, असं सांगितलं. एकाच घरातल्या एका मुलाला निवडून दुसऱ्याला वगळलं जातं, पत्रं आणि भाषांतर यांवर पैसा जातो, मुलाला सतत ऋणी राहायला शिकवलं जातं, असे आक्षेप होते. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने काही मोठ्या अमेरिकी संस्थांच्या मुलांचा प्रत्यक्ष माग काढला. मालीमध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतरही तिच्या नावाने देणगी घेतली जात असल्याचं उघड झालं. त्यानंतर संस्थांना देखरेख कडक करावी लागली. पत्र हे मूल जिवंत आहे, तिथेच आहे आणि योजनेत आहे याची एक खूण ठरलं. आज पत्र वेळेवर आलं नाही तर कारण विचारण्याचा देणगीदाराला पूर्ण हक्क आहे आणि तो त्याने बजावावा.

या सगळ्याचा उपयोग तरी होतो का? ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या संशोधकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. युगांडा, केनिया, भारत, फिलिपाइन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया अशा सहा देशांत, लहानपणी कम्पॅशनची मदत मिळालेल्या मोठ्या माणसांची तुलना त्यांनी मदत न मिळालेल्यांशी केली. एकूण दहा हजारांवर माणसांची माहिती त्यात होती. मदत मिळालेल्यांचं शिक्षण सरासरी एक ते दीड वर्ष जास्त झालं होतं. गरीब घरात एक वर्ष जास्त शाळा म्हणजे कधी-कधी माध्यमिक शाळा पूर्ण होणं किंवा न होणं. माझ्या मते या आकड्याची किंमत मोठी आहे.

पण दिलेली प्रत्येक गोष्ट कामाची नसते, आभार मात्र प्रत्येकीचे मानले जातात. केनियाच्या पश्चिमेला, युगांडाच्या सीमेलगत बुसिया नावाचा भाग आहे. एका डच संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली. अनेक मुलांत एक पुस्तक अशी तिथली परिस्थिती, त्यामुळे पुस्तकांनी फरक पडणारच असं कुणालाही वाटलं असतं. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळा पडताळल्या तेव्हा सरासरी गुणांत फरकच दिसला नाही. जी मुलं आधीच पुढे होती तेवढीच आणखी पुढे गेली. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा. पहिल्या रांगेतल्या चार मुलांना ती वाचता येत, मागच्या बाकांवर ती नुसती उघडी पडून असत. याच भागात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये जंतांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने दिल्या गेल्या. गोळी खाऊन मूल कुणाला पत्र लिहीत नाही, तिचा फोटोही चांगला येत नाही. पण शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. गणवेश वाटल्यानेही हजेरी वाढलेली दिसली, कारण तिथे गणवेश नसेल तर मूल शाळेत यायलाच संकोचतं, कधी परतही पाठवलं जातं.

मुलाला कळेल तिथून शिकवायचं, या बाबतीत महाराष्ट्राने आफ्रिकेला एक फार मोलाची गोष्ट दिली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. इयत्ता न पाहता, मुलाला वाचता काय येतं ते पाहून गट पाडायचे आणि तिथून पुढे न्यायचं, अशी पद्धत तिथे घडत गेली. झांबियाच्या सरकारने २०१६ मध्ये ती आपल्या शाळांत करून पाहायला सुरुवात केली, आणि पुढे आफ्रिकेतल्या आणखी देशांत ती पोहोचली. झांबियातल्या एखाद्या शाळेत मुलं अक्षरांच्या गटातून शब्दांच्या गटात सरकतात, तेव्हा त्यांना मुंबईचं नावही ठाऊक नसतं. तसं ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

आता एका आभाराची हकिगत जरा सविस्तर सांगते, कारण ती या सगळ्या यंत्रणेच्या पलीकडे गेली. हिल्डे बाक ही जर्मनीत जन्मलेली ज्यू मुलगी. नाझींच्या काळात तिला स्वीडनमध्ये आसरा मिळाला. आईवडिलांना मिळाला नाही, ते छळछावण्यांत गेले आणि परतले नाहीत. हिल्डे स्वीडनमध्येच राहिली आणि बालवाडीची शिक्षिका झाली. १९७० च्या दशकात तिने एका योजनेतून केनियातल्या एका मुलाची फी भरायला घेतली. दर सत्राला साधारण १५ डॉलर. शिक्षिकेच्या पगारातून निघण्यासारखी ही रक्कम होती.

तो मुलगा म्हणजे नैरोबीच्या उत्तरेकडच्या मिताहातो गावचा क्रिस म्बुरू. घर गरीब, मुलगा हुशार. फीअभावी सुटली असती ती शाळा सुटली नाही. तो नैरोबी विद्यापीठात कायदा शिकला, पुढे हार्वर्डला गेला आणि संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचं काम करू लागला. त्या काळात केनियात माध्यमिक शिक्षणाची फी हीच गरीब मुलांसमोरची भिंत होती. प्राथमिक शिक्षण २००३ मध्ये मोफत झालं. माध्यमिक शाळेच्या शिकवणी शुल्काचा भार सरकारने २००८ पासून उचलायला घेतला. पण निवासी शाळेत जायचं तर गादी, ब्लँकेट, कुलूप लावायची पत्र्याची पेटी, गणवेश, बूट आणि जेवणाखाण्याचे पैसे, हे सगळं घरच्यांनीच जमवायचं असतं. २०२३ पर्यंत आठवीच्या अखेरीस होत असलेल्या, ५०० गुणांच्या केसीपीई परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही मुलं एवढ्याचसाठी घरी बसत.

म्बुरूने आपल्या भागातल्या अशा मुलांसाठी २००१ मध्ये एक शिष्यवृत्ती निधी सुरू केला. नाव काय द्यायचं याचा त्याला विचारही करावा लागला नाही: हिल्डे बाक एज्युकेशन फंड. ती कोण, कुठे आहे, हयात आहे की नाही, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणीतरी श्रीमंत बाई असेल अशी त्याची समजूत होती. केनियातल्या स्वीडिश राजदूतांच्या मदतीने शोध घेतला तेव्हा सापडली ती एका साध्या घरात राहणारी निवृत्त शिक्षिका. आपण काही विशेष केलं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. २००३ मध्ये ती मिताहातोला आली आणि सगळं गाव गाण्याबजावण्यासह तिच्या स्वागताला उभं राहिलं. जेनिफर अर्नोल्ड यांनी या दोघांवर ‘अ स्मॉल ॲक्ट’ हा माहितीपट केला, तो २०१० मध्ये आला. तो पाहणाऱ्यांनी निधीत भर घातली आणि आणखी मुलांच्या फीची सोय झाली. हिल्डे बाक २०२१ मध्ये वारली.

म्बुरूचे आभार माझ्या मनात घर करून आहेत, कारण ते त्याने मोठा झाल्यावर, स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावर, आपण होऊन मानले. दहा वर्षांच्या मुलीला ही मोकळीक नसते. पत्रांच्या दिवशी तिला लिहावंच लागतं आणि लिहिणारी ती, मदत करणारे तुम्ही, हा फरक तिला पुरता ठाऊक असतो. म्हणून तिच्या चार ओळींत कृतज्ञता किती खरी आहे, हे तोलत बसणं मला तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

उत्तर लिहायचं ते तिला सोपं जाईल असं लिहावं. वाक्यं छोटी ठेवावीत, म्हणजे भाषांतरात मोडतोड होत नाही. आपल्याकडचा पाऊस, आपलं काम, घरातलं मांजर, गणपतीचे दिवस, यांतलं काहीही चालतं. मुलांना अशाच गोष्टी वाचायला आवडतात. गाडी, बंगला, सहलीचे फोटो पाठवू नयेत. ‘मी तुला भेटायला येईन’ असं खात्री नसताना लिहू नये, मूल ते वर्षानुवर्षं धरून बसतं. गरिबीबद्दल चौकशी करू नये. आवडता विषय, मैत्रीण, खेळ यांबद्दल विचारावं, आणि मागच्या पत्रातल्या एखाद्या गोष्टीचा नावानिशी उल्लेख करावा: शेळीचं करडू आता केवढं झालं? पार्सल पाठवू नये, त्यावर जकात बसते आणि शेजारच्या बाकावरचं मूल बघत राहतं. पाकिटात मावणारी स्टिकर्स, पोस्टकार्ड किंवा एखादा फोटो पुरे. आणि उत्तर टाळू नये. नियमित पैसे देणारे पण एकही ओळ न लिहिणारे देणगीदार पुष्कळ आहेत. पत्रं वाटली जातात तेव्हा त्यांची मुलं रिकाम्या हाताने बसून असतात.

हा पत्रव्यवहार कधी ना कधी थांबतो. मूल वयात येतं, कुटुंब दुसरीकडे जातं, देणगीदाराची परिस्थिती बदलते. कधी सगळं काम एकदम बंद पडतं. परदेशी देणग्यांवर निर्बंध आल्यावर कम्पॅशनने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम थांबवलं, तेव्हा जवळपास १ लाख ४५ हजार मुलांची मदत एकाच वेळी संपली. केनियात किंवा युगांडात असं होणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून मदत थांबवायची असेल तर संस्थेला काही महिने आधी कळवावं, म्हणजे त्या मुलासाठी दुसरा देणगीदार शोधता येतो. बऱ्याच संस्था निरोपाचं एक पत्र पाठवू देतात, त्याची मुदत मात्र विचारून घ्यावी. त्या पत्रात मदत का थांबते आहे ते सरळ लिहावं, कारण ते कळलं नाही तर चूक आपलीच असं मुलं धरून चालतात. तिच्या पत्रांतून आपल्याला काय काय कळलं तेही लिहावं: मक्याचं पीक कधी निघतं, आजी कोणती गाणी म्हणते, शाळेत जायला कोणता ओढा ओलांडावा लागतो. आणि तिने इतकी वर्षं वेळ काढून लिहिलं म्हणून तिचे आभार मानावेत.